ठासणीची बंदूक आणि लिव्हरची रायफल : जुन्या धाटणीच्या शस्त्रांतील सुरक्षित बार

उधना ते जळगाव या लोहमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान खांडबारा नावाचे स्थानक लागते. त्याच्या आसपासच्या शेतांतून भात, ज्वारी, मका आणि तूर ही पिके उभी राहतात, आणि पीक दाण्यावर आले की रानडुकरांच्या कळपांपासून त्याचे रक्षण करण्यासाठी शेतकऱ्याला माळ्यावर रात्री जागून काढाव्या लागतात. तिरकामठा, गोफण, पत्र्याच्या डब्यांचा गजर आणि कंठातली आरोळी ही या मुलखातली रक्षणाची पिढ्यान्‌पिढ्यांची साधने होत; त्यांच्या जोडीला ज्या थोड्या घरांपाशी सरकारी परवाना असतो तेथे भिंतीला टेकलेली ठासणीची एकनळी बंदूक आढळते. तिच्या नळीत दारू किती ठासावी आणि कोणती ठासावी, हा प्रश्न वरकरणी अगदी लहान दिसतो. परंतु अमेरिकेतील किंवा इटलीतील एखादा हौशी नेमबाज १८७३ सालच्या विंचेस्टर रायफलीची नवी प्रतिकृती हाती घेऊन तिच्यात कोणते काडतूस घालणे निर्धोक ठरेल याचा जो विचार करतो, त्याच विचाराचे हे दुसरे रूप आहे. या दोन टोकांच्या मधला सारा प्रदेश एकदा नीट पाहून घ्यावा, या हेतूने हा आढावा लिहिला आहे.

प्रारंभीच माझे मत स्पष्ट मांडतो. नळीत जे बसते ते तिला पेलते असे मुळीच नव्हे. काडतुसाचा व्यास नळीच्या भोकाशी जुळणे ही गोष्ट वेगळी, आणि त्या काडतुसातून क्षणार्धात निर्माण होणारा वायूचा दाब नळीचे पोलाद, नळीचे बूड आणि बूड बंद करणारी यंत्रणा या तिघांनी सहन करणे ही गोष्ट सर्वस्वी वेगळी. या तिघांपैकी जे सर्वांत दुर्बल असेल त्याच्या बेताने बार भरला पाहिजे. जुन्या शस्त्रांच्या आणि त्यांच्या नव्या प्रतिकृतींच्या जितक्या दुर्घटना नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतील फार मोठ्या भागाच्या मुळाशी हा एकच भेद विसरला गेल्याचे दिसते.

हा भेद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतका तीव्र का झाला, हे कळण्यासाठी दारूच्या दोन जातींचा स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची जी काळी दारू शतकानुशतके तोफांपासून जंबुऱ्यांपर्यंत सर्वत्र वापरली गेली, तिच्या ज्वलनाचा वेग मुख्यतः तिच्या दाण्याच्या आकारावर अवलंबून असतो. भोवतीचा दाब वाढला म्हणून ती बेफाम होत नाही, तिच्या ज्वलनातून जवळजवळ निम्मा भाग धूर आणि काजळी यांच्याच रूपाने बाहेर पडतो, आणि म्हणून तिचा दाब एका मर्यादेच्या आसपास राहतो. फ्रान्सच्या पॉल व्हियेय याने १८८४ साली सिद्ध केलेल्या धूरविरहित दारूचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. दाब वाढला की तिचे ज्वलन वेग घेते, ज्वलनाने वेग घेतला की दाब आणखी वाढतो, आणि मापात झालेल्या किंचित चुकीचा परिणाम मापाच्या प्रमाणात न राहता कित्येक पट होतो. ब्रिटिशांच्या सुप्रसिद्ध .३०३ काडतुसाचा इतिहास या संक्रमणाचा उत्तम दाखला आहे : १८८८ साली ते लष्करात आले तेव्हा त्यात ठोकून घट्ट केलेली काळी दारूच होती, आणि १८९१ पासून तिच्या जागी कॉर्डाइट आले. हे कॉर्डाइट हिंदुस्थानातच निर्माण व्हावे म्हणून निलगिरीतील अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी कारखाना उभा राहिला. काडतुसांचा आमच्या पुण्याजवळचा खडकीचा कारखाना मात्र त्याहून जुना, १८६९ सालचा. म्हणजे तो काळ्या दारूच्या अमदानीत जन्मला आणि पुढे धूरविरहित दारूचा अंमल त्याने स्वतः अनुभवला.

खानदेशाच्या वाट्याला या संक्रमणाचा आरंभ फार कटू रीतीने आला. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेल्यावर १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली आणि ज्या डोंगरी लोकांविरुद्ध कंपनी सरकार लढत होते त्यांच्याच हाती कंपनीच्या बंदुका दिल्या. पुढे १८५७ साली एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांनी जे वादळ उठवले त्याची धार्मिक बाजू सर्वांना ठाऊक आहे. तिच्या तांत्रिक बाजूकडे मात्र आपल्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. त्या कागदी काडतुसात अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन दारू मोजून भरलेली असे. एक तोळा १८० ग्रेनांचा आणि एक मासा १५ ग्रेनांचा हा हिशेब धरला, तर ती दारू साडेचार माशांच्या आसपास भरते. शिपायाने दारू स्वतः अदमासाने ओतावी ही जुनी रीत अशा मोजून भरलेल्या कागदी काडतुसांनी सैन्यात फार आधीच मोडून काढली होती, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने कागदी काडतुसाचा खरा लाभ हाच होता. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्ल सैन्याशी इंग्रजांची जी लढाई झाली, त्या काळी डोंगरातल्या बहुतेक बंदुका मात्र अजून तोड्याच्या किंवा ठासणीच्या होत्या, आणि त्यांतील बार हाताच्या सवयीनेच भरला जाई.

१८५७ च्या उठावानंतर सरकारने जी तजवीज केली ती आपल्या विषयाला फारच बोधप्रद आहे. हिंदी पलटणींच्या हाती अचूक रायफल ठेवू नये असा निर्णय झाला, आणि एन्फिल्डच्या घाटाचीच, परंतु आतील आटे नाहीसे करून .६५६ इंच व्यासाची गुळगुळीत नळी असलेली १८५८ सालच्या नमुन्याची बंदूक त्यांना देण्यात आली. मूळ .५७७ इंची नळी इतकी रुंद केल्यावर तिच्या भिंती पातळ होणार हे उघडच होते. नळ्या वाकू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि पाठोपाठ १८५९ सालचा जाड नळीचा नमुना काढावा लागला. बाहेरून तेच रूप, तोच दस्ता, तोच चाप, आणि आतून मात्र सामर्थ्य निराळे, असे हे उदाहरण होते. आज एखाद्या जुन्या घराण्याच्या माळ्यावरून अशी बंदूक उतरवली गेली आणि नावावरून तिला कोणी एन्फिल्ड समजले, तर त्या समजुतीच्या भरवशावर भरलेला बार कोणत्या नळीत जाणार आहे हे आधी व्हर्नियरने मोजून पाहिल्यावाचून सांगता येणार नाही. पुढे .३०३ रायफलीच्या नळ्या गुळगुळीत करून पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी इशापूर येथे .४१० मस्केट बनवण्यात आली, तीत हाच प्रकार पुन्हा घडला : यंत्रणा ओळखीची, काडतूस मात्र वेगळे. शस्त्राच्या चेहऱ्यावरून त्याची शक्ती ठरवू नये, हे सरकारी दप्तरानेच दोनदा सिद्ध करून ठेवले आहे.

आता लिव्हरच्या रायफलीकडे वळू. या आढाव्यातील सर्वांत गहन भाग तोच आहे. १८६० सालची हेन्री रायफल आणि तिच्यापासून निघालेली १८६६ सालची विंचेस्टर यांची चौकट पितळवर्गीय मिश्रधातूची होती. १८७३ सालच्या नमुन्यात ती प्रथम लोखंडाची आणि पुढे पोलादाची झाली, परंतु बूड बंद ठेवण्याची युक्ती तीच राहिली. गुडघा ताठ केला म्हणजे पाय जसा भार उचलतो, तशी दोन सांध्यांची एक पट्टी सरळ रेषेत येऊन मागे ढकलल्या जाणाऱ्या बुडाला आधार देते. त्या पट्टीला चौकटीत घट्ट रुतणारा खिळा किंवा कडी नसते. या रायफलीसाठी योजलेल्या .४४-४० काडतुसात ४० ग्रेन, म्हणजे अडीच माशांहून किंचित अधिक काळी दारू आणि २०० ग्रेनांची शिशाची गोळी असे, आणि त्या मापाला ती यंत्रणा पूर्णपणे पुरेशी होती. १८७७ साली प्लेव्हना येथे तुर्की सैन्याने रशियनांवर १८६६ सालच्या याच घाटाच्या रायफलींतून गोळ्यांचा जो वर्षाव केला, त्याने सर्व युरोपातील सेनापतींना विचारात पाडले.

पुढे जॉन ब्राउनिंगच्या प्रतिभेने १८८६ आणि १८९२ च्या नमुन्यांत बुडाला उभ्या पोलादी कड्यांनी चौकटीशी जखडले. १८९४ चा नमुना प्रथम काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाला, आणि १८९५ साली त्याला धूरविरहित .३०-३० काडतुसाची जोड मिळाली. खरी गोम येथे आहे. .४४-४० काडतूस १८७३ च्या रायफलीतही बसे आणि १८९२ च्या रायफलीतही बसे. १८९२ ची यंत्रणा बळकट म्हणून कारखान्याने तिच्यासाठी अधिक वेगाची, अधिक दाबाची काडतुसे काढली, आणि ती १८७३ च्या रायफलीत वापरू नयेत अशी सूचना वेष्टनावर छापली. वेष्टन फेकून दिले जाते, काडतूस उरते. त्याच्या पितळी अंगावर ते कोणत्या रायफलीसाठी आहे याचे चिन्ह बहुधा नसते. त्यामुळे ही सूचना काळाच्या ओघात काडतुसापासून सुटी झाली, आणि जुनी रायफल तिच्या वारसाच्या हाती गेली तेव्हा तिच्याबरोबर काय घालू नये हे ज्ञान पोहोचले नाही.

इटलीत ब्रेशा शहराच्या उत्तरेला व्हाल त्रोम्पिया खोऱ्यात गार्दोने हे शस्त्रकारांचे गाव आहे. तेथे १९५९ साली अल्दो उबेर्ती याने जुन्या अमेरिकन शस्त्रांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला, आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या शताब्दीने त्या व्यवसायाला मोठी गती दिली. या प्रतिकृतींच्या नळ्या आजच्या पोलादाच्या असतात, गार्दोनेच्या सरकारी चाचणीगृहात त्यांना ठरलेल्या कमाल दाबाहून अधिक दाबाच्या काडतुसांनी तपासले जाते, आणि उत्तीर्ण झालेल्या शस्त्रावर मुद्रा उमटवली जाते. केवळ काळ्या दारूसाठी तपासलेल्या शस्त्रावर इटालियन भाषेतील काळ्या दारूच्या आद्याक्षरांची वेगळी मुद्रा असते. ती मुद्रा वाचता येणे हे नेमबाजाचे पहिले साक्षरपण मानले पाहिजे. ज्या प्रतिकृतीवर ती आहे तिच्यात धूरविरहित दारूचा एक ग्रेनही जाता कामा नये, मग ती प्रतिकृती काल का बनलेली असेना.

परंतु नवे पोलाद म्हणजे नवी यंत्रणा नव्हे, आणि येथेच पुष्कळ सुशिक्षित माणसे फसतात. १८७३ च्या प्रतिकृतीत गुडघ्याची तीच दोन सांध्यांची पट्टी असते. तिच्यावर येणारा भार हा काडतुसातील दाब आणि काडतुसाच्या बुडाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने ठरतो. अमेरिकन उद्योगाच्या मान्य मर्यादेप्रमाणे .४४-४० चा कमाल दाब चौरस इंचाला ११,००० पौंड, .४५ कोल्टचा १४,०००, .३५७ मॅग्नमचा ३५,००० आणि .४४ मॅग्नमचा ३६,००० पौंड आहे. बुडाच्या बाह्य व्यासावरून, घर्षण वजा न करता, ढोबळ हिशेब केला तर .४५ कोल्ट त्या पट्टीवर सुमारे अडीच हजार पौंडांचा, .३५७ मॅग्नम चार हजारांच्या आसपासचा आणि .४४ मॅग्नम सहा हजारांच्या जवळचा आघात करते. कारखानदार .३५७ मॅग्नमसाठीही ही प्रतिकृती विकतात, कारण त्या काडतुसाचे बूड बारीक आहे आणि आजचे पोलाद तितके पेलते. परंतु दाब जवळजवळ समान असूनही.४४ मॅग्नमचा आघात .३५७ च्या दीडपट का होतो हे ज्याने या गुणाकाराने एकदा पाहिले, तो केवळ दाबाचा आकडा वाचून थांबणार नाही.

याहून धोकादायक सापळा .४५ कोल्टच्या बाबतीत आहे. हे काडतूस १८७३ चे, काळ्या दारूच्या जमान्यातले. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही अत्यंत भक्कम रिव्हॉल्वरांसाठी त्याच काडतुसात ३०,००० पौंडांपर्यंतचे बार भरण्याची कोष्टके छापली गेली, आणि तसे बार काही कारखाने तयारही विकतात. बाहेरून पाहता दोन्ही काडतुसांत तिळाचाही फरक नसतो, आणि दोन्ही प्रतिकृती रायफलीच्या नळीत सहज सरकतात. त्यातील दुसऱ्याचा आघात पट्टीवर पाच हजार पौंडांच्या पलीकडे जातो. एका बाराने बहुधा काही होत नाही, आणि यामुळेच ही चूक दीर्घकाळ चालू राहते. सांध्यांची छिद्रे हळूहळू लंबगोल होतात, बूड आणि काडतूस यांच्यातील अंतर वाढते, आणि पितळ मागे फाटून वायू नेमबाजाच्या मुखाकडे येतो तो दिवस कधी ना कधी उगवतोच.

स्वतःची काडतुसे स्वतः भरणाऱ्यांसाठी, जी प्रथा परदेशी नेमबाजांत फार रूढ आहे, आणखी दोन विपत्ती आहेत. काळ्या दारूसाठी घडवलेले पितळ मोठे असते. धूरविरहित दारूचा योग्य भार त्या पोकळीचा लहानसा भागच व्यापतो, आणि म्हणून चुकून दुप्पट भार पडला तरी तो काठोकाठ येत नाही आणि डोळ्यांना जाणवत नाही. उलट दारू पडलीच नाही, तर टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आमच्याकडे ज्याला फुसका बार म्हणतात तो हाच, आणि त्यावर दुसरा बार उडवला की नळी फुगते अथवा फाटते. लिव्हर रायफलीत दोन बारांमधील अवकाश इतका अल्प असतो की आवाज क्षीण झाला हे मनापर्यंत पोहोचण्याआधीच हात पुढचे काडतूस चढवून मोकळा होतो. तिसरी बाब नळीखालच्या कोठीची : तीत काडतुसे एकामागे एक रांगेत राहतात, म्हणून अणकुचीदार गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते आणि धक्क्यासरशी ती पेटू शकते. यासाठी या रायफलींना चपट्या टोकाची गोळीच योग्य, आणि त्यात तडजोडीला मुभा नाही.

हिंदुस्थानात या प्रकरणाचा एक स्वतंत्र अध्याय शिकारी रायफलींनी लिहिला. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत काळ्या दारूच्या ‘एक्स्प्रेस’ रायफली होत्या आणि त्यांच्याच मापाच्या कॉर्डाइटच्या ‘नायट्रो एक्स्प्रेस’ रायफलीही होत्या; .५०० चे तीन इंची पितळ तर दोहोंचे एकच. काळ्या दारूच्या नळीत नायट्रोचे काडतूस विनासायास बसे. इंग्रज शस्त्रकारांनी यावर दोन उपाय केले. ज्या नळ्या धूरविरहित दारूने तपासल्या होत्या त्यांवर ‘नायट्रो प्रूफ’ असे कोरले, आणि जुन्या रायफलींसाठी काळ्या दारूच्या दाबाशी जुळवलेला कॉर्डाइटचा सौम्य भार वेगळा बनवला. शिवाय आमच्या उन्हाचा विचार झाला. उष्णतेने कॉर्डाइटचा दाब वाढतो, म्हणून उष्ण कटिबंधासाठी काही काडतुसांत दारू मुद्दाम कमी भरली जाई. खानदेशातील वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या काडतुसांच्या बाबतीत ही दक्षता आजही तितकीच आवश्यक आहे, आणि तिची आठवण मात्र काडतुसांच्या व्यापारात फारशी उरलेली नाही.

प्रतिकृतींच्या या व्यापारात आपला देश केवळ प्रेक्षक नाही, ही गोष्ट मराठी वाचकांस बहुधा नवी वाटेल. चकमकीच्या जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती भारतात बनून अमेरिका, कॅनडा आणि युरोप येथे जातात, आणि ऐतिहासिक लढायांचे देखावे उभे करणारी मंडळे त्या घेतात. त्यांतील पुष्कळ बंदुका नळीच्या बुडाशी ठिणगी आत जाण्याचा कान न पाडता, म्हणजे शोभेच्या वस्तू म्हणून निर्यात होतात. विकत घेणारा तेथे कान पाडून घेतो आणि मग तीच शोभेची वस्तू बार उडवू लागते. ज्या क्षणी तो कान पाडला जातो, त्या क्षणी तिच्या पोलादाची प्रत, बुडाच्या आट्यांची खोली आणि नळीच्या भिंतीची जाडी यांची जबाबदारी कोणाची, यावर तिकडच्या नेमबाजांत दीर्घ वाद चालत आला आहे. शस्त्रचाचणीचे जे आंतरराष्ट्रीय मंडळ इटली, फ्रान्स, ब्रिटन आदी देश मिळून चालवतात त्याचा भारत सदस्य नाही. माझ्या मते आमच्या कारागिरांच्या हातातील कौशल्याला न्याय मिळायचा असेल, तर या निर्यातीला सरकारी चाचणीची मुद्रा मिळालीच पाहिजे. कारण तपासणीवाचून गेलेली चांगली नळी आणि वाईट नळी परदेशी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एकाच दराची ठरते, आणि त्यात नुकसान चांगल्या कारागिराचे होते.

आता पुन्हा खांडबाऱ्याच्या माळ्यावर येऊ. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ अन्वये पीकरक्षणाच्या प्रामाणिक प्रयोजनासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो, आणि तिचा वन्य प्राण्यावर प्रत्यक्ष प्रयोग करावयाचा असेल तर वनखात्याची अनुमती वेगळी लागते. या बंदुकीत काडतूस नाही. कारखान्याने मोजलेला भार नाही. मोजलेल्या काडतुसापूर्वीची अदमासाची रीत येथे अजून जिवंत आहे. तिचा पहिला शत्रू म्हणजे दुहेरी बार. रात्री भरलेला बार उडवण्याचा प्रसंग आला नाही, बंदूक तशीच कोपऱ्यात राहिली, पुढच्या आठवड्यात घरातील दुसऱ्याने ती रिकामी समजून पुन्हा भरली, असा तो प्रकार. गेटिसबर्गच्या १८६३ सालच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या सुमारे २७,००० बंदुकांपैकी २४,००० भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतील निम्म्यांत दोन बार होते, अशी नोंद प्रसिद्ध आहे. कवाइती शिपायांची ही दशा, तर निद्रेने व्याकुळ झालेल्या शेतकऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? उपाय मात्र अतिशय सोपा आहे. रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत सोडून तोंडाशी एक खूण करावी, योग्य बारावर टेकल्यावर दुसरी खूण करावी, आणि बंदूक हाती घेताच प्रथम गज आत सोडून पाहावा. गज या दोन खुणांपैकी कोणत्याही एकीवर थांबला नाही, तर बार न उडवता जाणत्या बंदूकदुरुस्तीवाल्याकडे जावे.

दुसरी गोष्ट गोळी आणि दारू यांच्यातील रिकाम्या जागेची. गोळी दारूवर घट्ट टेकलेली असली पाहिजे. मध्ये अंतर राहिले तर वायू त्या पोकळीत धक्क्याने आदळतो आणि नळीला वळ्यासारखा फुगवटा येतो. तिसरी, दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतण्याची : मागील बाराची ठिणगी आत धुमसत असेल तर ज्वाळा हातातील साऱ्या साठ्यापर्यंत येते, म्हणून दारू आधी लहान मापात घ्यावी आणि मापातूनच नळीत सोडावी. ते माप त्या बंदुकीच्या घडवणाऱ्याने सांगितलेले असावे, आणि तसे सांगणारा कोणी नसेल तर अधिकृत दुरुस्तीवाल्याने नळी तपासून ठरवून द्यावे. गोळी तळहातावर ठेवून ती झाकली जाईपर्यंत दारू ओतावी असा जो अमेरिकन सीमाभागातील जुना ठोकताळा सांगतात, तो तळहाताच्या खोलगटपणावर माणसाचा जीव टांगतो.

परंतु सर्वांत मोठे संकट दारूच्या जातीचे आहे, आणि त्याबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते. परवान्यावरील शुद्ध काळी दारू वेळेवर मिळाली नाही म्हणजे फटाके फोडून त्यांतील भुकटी किंवा आगपेटीच्या काड्यांचे गूल नळीत घालण्याचा मोह होतो. फटाक्याच्या भुकटीत पुष्कळदा धातूची पूड असते, आणि आगपेटीच्या गुलात क्लोरेट असते. ही द्रव्ये काळ्या दारूसारखी क्रमाने जळत नाहीत, ती स्फोटतात. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण इतके चंचल आहे की भारत सरकारने १९९२ सालीच त्याच्या निर्मितीवर बंदी घातली. ज्या मिश्रणाला कारखान्यात मज्जाव आहे ते घराच्या ओट्यावर गजाने ठासले जावे, यासारखी अनर्थाची गोष्ट दुसरी नाही. ठासतानाच ते पेटले तर गज तळहातातून पार होतो. पीक वाचवण्यासाठी जागणाऱ्या माणसाने आपला हात गमावावा, आणि तोही योग्य दारू त्याच्या तालुक्यात सुलभ नसल्यामुळे, ही स्थिती परवाना देणाऱ्या कचेरीने आपली समजली पाहिजे. परवाना देणे आणि त्या परवान्यावरील दारू मिळण्याची वाट बंद असणे या दोन गोष्टी एकाच दप्तरात नांदू नयेत.

नळीच्या क्षयाचाही विचार येथे येतो. काळ्या दारूची काजळी हवेतील ओलावा शोषून घेते आणि पावसाळ्यात एका रात्रीत पोलाद खाऊ लागते. म्हणून बार उडवल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून, तेल फिरवणे अगत्याचे असते. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा शिरस्ता आहे. ती जमा करण्यापूर्वी धुतली नसतील तर मालखान्यातील मुक्कामात आतून किती खंगली हे परत मिळाल्यावर बाहेरून कळत नाही, आणि निपलच्या तळाशी वा कानाच्या कडेशी झिजलेल्या अशा नळीत मागच्या वर्षीचा निर्धोक बारही यंदा अधिक ठरतो.

अधिनियमाच्या त्याच कलमातील परंतुकाप्रमाणे, ठासणीची बंदूक पीकरक्षणास अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना तो देऊ शकतो, आणि व्यवहारात ती बहुधा बारा बोअरची असते. या बदलाने दारू मोजण्याची चिंता मिटते, कारण खडकीच्या काडतुसात ती मोजलेली येते; पण प्रश्न संपत नाही, केवळ नवे रूप घेतो. जुन्या बेल्जियन आणि इंग्रजी बंदुकांचे चेंबर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते, तर आजची काडतुसे बहुधा ७० मिलिमीटरची. न उडवलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्यामुळे ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसते. बार उडताना ते तोंड पुढे उघडते, नळीच्या निमुळत्या भागात शिरून वाट अरुंद करते आणि दाब अनपेक्षित चढतो. दमास्कस पद्धतीने पट्ट्या गुंडाळून जोडलेली नळी असेल तर तिला हा दाब मुळीच सोसत नाही. तसेच वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पडले तर ते चेंबरच्या पुढे सरकून अडकते, मागे बारा बोअरचे काडतूस पुन्हा बसते, आणि नळी तळहाताजवळच फुटते. म्हणून एका घरात दोन मापांच्या बंदुका असतील तर त्यांची काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नयेत.

नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि शस्त्रपरवान्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या स्थानिक कचेरीत आले. या कचेरीने आता एक रीत घालून द्यावी : प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारकाने शस्त्र अधिकृत दुरुस्तीवाल्याला दाखवावे. त्याने नळीचे माप, चेंबरची लांबी, बुडाची स्थिती आणि त्या विशिष्ट शस्त्राला पेलणारी दारूची जात व तिचे कमाल वजन मोजून लिहावे. आणि ते आकडे परवान्याच्या शेऱ्यात मराठीत उतरवले जावेत, म्हणजे बाप मागे राहिला नाही तरी मुलाला, आणि बंदूक विकली गेली तर घेणाऱ्याला, तिच्या नळीत किती घालावे हे त्याच कागदावर वाचता येईल.